मैदानातले प्रश्न : स्टीपलचेस घ्यावी का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वार्षिक क्रीडास्पर्धेत वर्षानुवर्षं तेच चाललंय : १००, २००, लांब उडी, गोळाफेक. यंदा काहीतरी नवीन घ्यायचं मनात आहे. ललिता बाबर आमच्याच जिल्ह्याची, त्यामुळे मुली तिच्या स्टीपलचेससाठी, म्हणजे अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उड्या मारत धावायच्या लांब शर्यतीसाठी, मागे लागल्यात. मैदान मातीचं आहे, २०० मीटरचा ट्रॅक कसाबसा बसतो. ही शर्यत घेता येईल का?

उत्तर : मॅडम, मुलींचा हट्ट समजतो. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला ललिता या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा मला टीव्हीसमोर बसवेना, उभाच होतो. तरीही यंदा नको असंच म्हणेन.

नोकरीच्या सुरुवातीला मीही हा घाट घातला होता. वर्गातले बाक उचलून मैदानात मांडले, फक्की मारली, शिट्टी वाजवली. तिसऱ्या फेरीत दमलेल्या एका नववीतल्या पोराचा पाय पुरेसा उचललाच गेला नाही. बाक तसूभर हलला नाही, पोराची नडगी मात्र सोलून निघाली. पुढे आठवडाभर त्याची आई समोरून दिसली की मी रस्ता बदलायचो.

गोम इथेच आहे. साध्या हर्डलला पाय लागला की तो आडवा होतो. स्टीपलचेसचा अडथळा ८० ते १०० किलोचा असतो, त्याला पाय लागला तर तुम्हीच आडवे. मुलींसाठी त्याची उंची ७६.२ सेंटीमीटर. ३००० मीटरमध्ये असे २८ अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरून उडी. तो खड्डा, ती पाण्याची सोय आपल्या मातीच्या मैदानात कुठून आणणार? आणि घाई तरी कशाला? ललिता आधी मॅरेथॉन धावायची, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत तिनं स्टीपलचेसचं कांस्य घेतलं. बीडचा अविनाश साबळे तर सैन्यात गेल्यावर या शर्यतीकडे वळला. मुलींना आत्ता माळावरून, ओढ्याकाठानं भरपूर पळवा.

नवीनच हवं असेल तर मिश्र रिले घ्या. दोन मुलगे, दोन मुली. ४ बाय ४०० ची ही शर्यत आशियाई स्पर्धेत २०१८ ला आली, ऑलिंपिकमध्ये टोकियोला. जाकार्ताच्या त्या आशियाई स्पर्धेत आपला संघ दुसरा आला होता. पुढे बहारीनची धावपटू उत्तेजक प्रकरणात सापडली आणि सुवर्ण आपल्याकडे आलं.

तुमच्याकडे ४ बाय २०० करा. प्रत्येकाची एक फेरी, म्हणजे बॅटन बदलायची जागा एकच आणि तिथे एकच पंच पुरतो. मनुष्यबळाची बोंब सगळीकडे सारखीच असते! क्रम मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगी असा बांधून द्या. पूर्वी आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही क्रम संघावर सोडलेला असायचा. २०१९ ला दोह्याच्या जागतिक स्पर्धेत पोलंडनं दोन्ही मुलगे आधी पळवले, मोठी आघाडी घेतली आणि शेवटी त्यांच्या मुली धावत असताना बाकीच्यांचे पुरुष मागून येऊन पुढे निघून गेले. टीव्हीवर गंमत वाटते. तुमच्या अरुंद वळणावर मागून सुसाट आलेला दहावीतला मुलगा आठवीतल्या मुलीवर आदळेल.

आणखी एक, वादाचं. या शर्यतीचे गुण हाऊसला द्या, वैयक्तिक विजेतेपदात धरू नका. नाहीतर बक्षीस समारंभाच्या आदल्या रात्री पालकांचे फोन सुरू होतील. स्वानुभव आहे.

बॅटन विकत आणू नका. शेतीच्या सामानाच्या दुकानात ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप मिळतो, त्याचे ३० सेंटीमीटरचे तुकडे कापून कडा पॉलिश पेपरनं घासा. हव्यात त्यापेक्षा दोन जास्त कापा. त्यातली एक हमखास हरवते आणि मग मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेली सापडते.