‘डेटा तर माझ्याकडे आहेच’

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. मंत्रिसाहेबांचं खातं गेलं, तुझी नेमणूक को-टर्मिनस, ते असेपर्यंतच, म्हणजे त्यांच्यासोबत तुझीही खुर्ची गेली. तीन ठिकाणांहून विचारणा आहे: मुंबईतल्या एका कंपनीचा ‘सरकारी संबंध’ विभाग, हैदराबादची निवडणूक सल्लागार फर्म आणि ज्यांच्याविरुद्ध दीड वर्ष मुद्दे लिहिलेस त्यांचीच वॉर रूम, प्रचाराची. ‘ताई, कुठे जाऊ?’ याचं उत्तर अवघड नाही, देते. पण मधेच तू सहज एक ओळ लिहून गेलास, ‘डेटा तर माझ्याकडे आहेच.’ माझी झोप उडाली ती त्या ओळीने.

तू हुशार आहेस, काम मिळेल वगैरे मी लिहिणार नाही. मिळणारच आहे. प्रश्न एवढाच की खुर्ची गेल्यावर तू विकणार काय? काम की ओळख? काम विक. ओळख विकू नकोस. पुढे जे लिहिणार आहे ते सगळं हेच आहे, कंटाळा आला तर इथेच थांब.

मी ती विकलेली आहे, म्हणून सांगते. आमचं सरकार 2014 मध्ये गेलं. आधीच्या मंत्र्यांकडचे पीएस (खासगी सचिव), ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) नव्या मंत्र्यांनी घ्यायचे नाहीत असं नव्या सरकारने ठरवलं, त्यामुळे मागचं दारही बंद झालं. तेव्हा एका कंपनीने तिप्पट पगार देऊ केला. कार्डावर ‘सल्लागार’ छापलं. सल्ला मला कुणी एकदाही विचारला नाही. सकाळी यादी यायची, फाइल कुठे अडली आहे ते बघा. झालं काम.

एकदा अशाच फाइलसाठी मंत्रालयात गेले. गार्डन गेटच्या रांगेत पास काढला, वर गेले. तिथल्या कक्ष अधिकारी बाई मला चांगल्या ओळखत. टिपणी कशी वाचायची, शेवटच्या परिच्छेदाच्या आधी काय शोधायचं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पूर्वी मसुदा पुढे सरकवून ‘मॅडम, हे वाक्य चालेल ना?’ असं विचारायच्या. त्या दिवशी मी समोर बसले तशी त्यांनी टेबलावरची फाइल मिटली, तिच्यावर वर्तमानपत्र ठेवलं आणि मग हसून चहा सांगितला. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. तो चहा मला अजून आठवतो.

तरी मी आणखी चौदा महिने तिथेच होते. फ्लॅटचे हप्ते होते. तू मला लगेच संत समजायला नकोस.

तू म्हणशील, मोठी माणसंही हेच करतात. करतात ना. ओबामांच्या 2008 च्या प्रचाराचा व्यवस्थापक डेव्हिड प्लूफ. पुढे व्हाइट हाऊसमध्ये सल्लागार झाला, तिथून बाहेर पडला आणि 2014 मध्ये उबरमध्ये गेला. शिकागोच्या विमानतळांवरून भाडी घेण्याच्या नियमांबाबत त्याने तिथल्या महापौरांना, रॅम इमॅन्युएलना, त्यांच्या खासगी पत्त्यावर ईमेल केला. इमॅन्युएल म्हणजे ओबामांचेच माजी चीफ ऑफ स्टाफ, घरचाच माणूस. पण प्लूफने लॉबिस्ट, म्हणजे कंपनीसाठी सरकारकडे शब्द टाकणारा, म्हणून नोंदणी केलेली नव्हती. 2017 मध्ये शहराच्या नीतिमंडळाने त्याला 90,000 डॉलर दंड ठोठावला. एका ईमेलचा! प्रचाराचं ते डोकं कामाला आलं नाही, वापरली गेली ती ओळख. आणि त्याच गोटातला डेव्हिड ॲक्सलरॉड 2011 मध्ये व्हाइट हाऊस सोडून शिकागोलाच गेला, विद्यापीठात राजकारणाची संस्था उभी केली. दोघांची शाळा एकच.

आपल्याकडे निवडणुकांची रणनीती आखणारे प्रशांत किशोर. माणूस आवडो न आवडो. 2016 मध्ये बिहारच्या मुख्यमंत्र्यांचे सल्लागार, मंत्रिपदाचा दर्जा. पुढे त्या मुख्यमंत्र्यांच्याच पक्षाचे उपाध्यक्ष झाले आणि 2020 मध्ये हकालपट्टी. मार्च 2021 मध्ये पंजाबच्या मुख्यमंत्र्यांचे प्रधान सल्लागार, ऑगस्टमध्ये राजीनामा. मग 2022 च्या गांधी जयंतीपासून बिहारमध्ये पायपीट, 2024 मध्ये स्वतःचा पक्ष, आणि 2025 च्या विधानसभेत 243 पैकी एकही जागा नाही. लोक हसले. मी नाही हसले. दुसऱ्याच्या नावावर मतं मिळवून देणं हे एक काम आणि स्वतःच्या नावावर मागणं हे दुसरंच, एवढंच त्यातून दिसलं. पण ते मागायला गेले ते उघड्यावर गेले. ओडिशातले व्ही. के. पांडियनही तसेच. तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायक यांचे खासगी सचिव, 2023 मध्ये सनदी नोकरी सोडून पक्षात आले, 2024 ला सत्ता गेली तसे राजकारणातूनच बाजूला झाले. चुकलं असेल गणित, पण पडले ते सगळ्यांच्या देखत पडले.

सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर लगेच खासगी नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. तुझ्या-माझ्यासारख्या राजकीय नेमणुकीच्या माणसांना तसं कुणी विचारत नाही. म्हणून आपणच आपल्याला विचारायचं असतं. फेब्रुवारी 2025 मधलं आठवतं ना? मंत्र्यांकडच्या पीएस-ओएसडीसाठी 125 नावं आली, 109 ना मंजुरी दिली, बाकीच्यांवर आरोप आहेत, फिक्सर चालणार नाहीत, असं मुख्यमंत्री बोलले होते. तो फिक्सर शब्द काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी पहिल्यांदा ‘जरा बघता का’ म्हणतं, आणि आपण बघतो.

आता मी काय करते ते तुला माहीत आहे. नगरपालिकेच्या उमेदवारांसाठी प्रारूप मतदारयाद्या तपासते, दुबार नावं काढते, हरकती लिहून देते. निम्मे पैसे बुडवतात. घरी म्हणतात, हट्टीपणा आहे. असेल. पण गेल्या खेपेला एका प्रभागातली एक अख्खी गल्ली शेजारच्या यादीत गेलेली मी नकाशा घेऊन, दारोदार फिरून शोधली. त्यासाठी मला कुणाच्या केबिनबाहेर बसावं लागलं नाही. हां, भाचीच्या बदलीसाठी एक फोन केला होता. शिक्षिकांच्या बदल्या ऑनलाइन होतात हे ठाऊक असून केला. झालं काहीच नाही. आणि ते वेगळं होतं. वेगळंच होतं, वाद घालू नकोस.

तेव्हा हैदराबादला जा. पगार तिथलाच सगळ्यांत कमी आहे, मला दिसतंय. पण तिथे सर्व्हेची प्रश्नावली लिहायला लावतील, बूथचं गणित मांडायला लावतील, तुझं चुकलं तर तोंडावर सांगतील. वॉर रूमचं मला तितकं वावडं नाही. वकील पक्ष बदलतो, फक्त जुन्या अशिलाची कागदपत्रं नव्याला देत नाही. मुंबईच्या कंपनीला मात्र नाही म्हण. त्यांना तू नको आहेस, त्यांना तुझा मोबाइल हवाय.

आणि तो डेटा. जनता दरबारातल्या अर्जांचीच ती एक्सेल आहे ना? नाव, गाव, मोबाइल, अडचण. त्या रांगेत मीही एकदा तुझ्या शेजारी बसले होते. विहिरीचं अनुदान अडलेले एक आजोबा आले होते, नंबर पाठ नव्हता म्हणून पिशवीतून वहीचा कागद काढून दाखवला, आणि तू तो दोनदा वाचून टाइप केलास. तो नंबर त्यांनी विहिरीसाठी दिला होता. मतदानाच्या आठवड्यात त्यावर कुण्या कंपनीचा रेकॉर्ड केलेला फोन जावा म्हणून नाही.

उद्या पेन ड्राइव्ह कार्यालयात जमा कर आणि पोच घे. लॅपटॉपवरची प्रत उडव, मेलमध्ये स्वतःला पाठवून ठेवली असशील तीही. मग मला फोन कर. हैदराबादवाल्यांशी पगाराचं कसं बोलायचं ते त्यानंतर बघू.