रुग्णाला रुग्णालयात सोडल्यावर रुग्णवाहिकेत अमली पदार्थाची पुडी सापडली, तर कर्मचाऱ्यांनी काय करावे?

आपण 108 च्या रुग्णवाहिकेवर नुकतेच डॉक्टर म्हणून रुजू झाला आहात. बेशुद्ध तरुणाला कॅज्युअल्टीत सोडून परतल्यावर स्ट्रेचरच्या गादीखाली पांढऱ्या भुकटीची पुडी मिळाली, आणि पोलिसांना कळवले तर रुग्णाचा विश्वासघात, न कळवले तर कायद्याचा भंग, अशा पेचात आपण पडला आहात, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. मीही काही वर्षे रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम केले आहे. माझ्या मते आपण दोन निराळे प्रश्न एकत्र बांधले आहेत. पुडीचे काय करायचे हा एक, आणि रुग्णाविषयी कोणाला काय सांगायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जवळजवळ ठरलेले आहे. खरी कसोटी दुसऱ्यात आहे.

पुडी स्वतःजवळ ठेवता येत नाही आणि फेकताही येत नाही. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार अमली पदार्थ नुसता बाळगणे हाच गुन्हा आहे. त्यातही कलम 35 आणि 54 मुळे ज्याच्याजवळ माल सापडतो त्यालाच आपल्या निर्दोषपणाचा समाधानकारक खुलासा द्यावा लागतो. म्हणजे ‘ड्युटी संपली की देऊ’ म्हणून ॲप्रनच्या खिशात ठेवलेली पुडी तुमची नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावरच येऊ शकते. ‘डॉक्टर, संडासात टाकून पाणी सोडा, कशाला झंझट’ असा सल्ला एखादा पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, सद्भावनेने देईल, पण त्यातून पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवू शकतो. तेव्हा हातमोजे घालून, पुडी न उघडता आणि न हुंगता पिशवीत बंद करावी, पायलटसमक्ष वेळ व जागा लिहून दोघांनी सह्या कराव्यात, नियंत्रण कक्षाला तत्काळ कळवावे आणि पोलिसांकडे देताना पोच घ्यावी. गादीखाली आंधळेपणाने हात घालू नये. पुडीसोबत सुईही असू शकते.

नोंदीची भाषा मात्र जपून वापरावी, कारण पेच खरा तिथेच सुटतो किंवा चिघळतो. ‘रुग्णाकडे सुमारे दहा ग्रॅम एमडी मिळाले’ या एका वाक्यात तीन अंदाज आहेत: पुडी कोणाची, वजन किती आणि पदार्थ कोणता. एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे उत्तेजक द्रव्य. त्याची 2 ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आणि 50 ग्रॅमपासून व्यापारी मात्रा धरली जाते. अल्प मात्रेला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद किंवा दंड किंवा दोन्ही, तर व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. वजन करणे आणि पदार्थ ओळखणे हे पोलिसांचे व न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे काम आहे. शिवाय पुडी त्याच तरुणाची होती हे आपण पाहिलेले नाही. सोबत आलेले मित्र शेजारच्याच बाकावर बसले होते, आणि मागच्या फेरीनंतर गादी उचलून कोणी पाहिले होते का, हाही प्रश्न उरतो. म्हणून ‘अमुक वेळी गादीखाली पांढऱ्या भुकटीची बंद पुडी आढळली’ एवढेच लिहावे. फेऱ्यांच्या नोंदींवरून पोलीस रुग्णापर्यंत पोहोचू शकतील हे खरे आहे, आणि त्यांनी रीतसर जबाब मागितला तर आपण खरेच सांगावे. पण अनुमानाला साक्षीचे रूप आपण देऊ नये.

आता रुग्णाविषयी. कॅज्युअल्टीतील डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. पुडी नंतर सापडली असली तरी फोन करून सांगावे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद असेल तर हेरॉइनसारख्या पदार्थाचा विचार होतो व त्यावरचा उतारा असलेले नॅलोक्सोन उपयोगी पडते. एमडीने तडफडणाऱ्या, ताप चढलेल्या रुग्णावर त्याचा उपयोग नाही. विषबाधेची एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून पोलिसांना कळवणे हे तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. त्यापलीकडे आपण स्वतः ठाण्यात फोन करून ‘अमुक मुलगा नशा करतो’ असे सांगण्याचे कारण मला दिसत नाही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठीचे 2002 चे आचारनियम न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका अशा मोजक्या प्रसंगीच रुग्णाचे गुपित उघड करू देतात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांनाही गोपनीयतेचा हक्क देतो.

हा नुसता नियमांचा कीस नाही. मित्र बेशुद्ध पडल्यावर 108 ला फोन करावा की पळून जावे, हे त्या खोलीतील मुले काही क्षणांत ठरवतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने 2007 मध्ये अशा फोन करणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून संरक्षण देणारा कायदा केला आणि पुढे इतर अनेक राज्यांनी तो मार्ग घेतला. आपल्याकडे एनडीपीएस कायद्याचे कलम 64अ आहे, पण ते स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीपुरते. फोन करणाऱ्या मित्राला त्याचा आधार नाही. त्यामुळे रुग्णवाहिका म्हणजे पोलिसांची गाडी, असा समज वस्तीत पसरला तर त्याची किंमत पुढच्या रुग्णाला मोजावी लागेल.

याच कारणाने रुग्णाला आणायला त्याच्या घरात शिरल्यावर झडती घेऊ नये. रुग्णाने काय घेतले हे समजण्यासाठी उशाजवळची रिकामी पाकिटे, बाटल्या पाहणे हा उपचाराचा भाग आहे. कपाट उघडणे नाही, आणि तो अधिकार कायद्याने ठरावीक अधिकाऱ्यांनाच दिला आहे. मॉर्फिनच्या गोळ्यांचे पाकीट दिसले म्हणून भुवया उंचावू नयेत. कॅन्सरच्या वेदनांसाठी ते रीतसर लिहून दिले जाते.

याला अपवाद आहेत, आणि तिथे मी कचरणार नाही. घरात रसायनांचे पिंप, उग्र वाफा आणि अमली पदार्थ बनवण्याच्या कारखान्याची चिन्हे असतील तर आधी स्वतः बाहेर पडावे आणि 112 ला कळवावे. सांडलेल्या भुकटीत लहान मूल रांगत असेल तर त्याला सोबत घेऊन तपासणीसाठी न्यावे आणि 1098 या बालकांच्या हेल्पलाइनलाही सांगावे, मग आई कितीही विनवो.

आपल्या प्रसंगात यातले काहीच नाही. पुडी अजून गाडीत असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर नियंत्रण कक्षाला फोन करावा आणि आजवर न कळवण्याचे कारण नोंदीत जसे घडले तसे लिहावे.