अमावस्येला चंद्र दिसत नाही, मग मुंबईत समुद्राला उधाण कसं येतं?

चंद्र दिसला नाही तरी त्याची ओढ असतेच. उलट अमावस्येला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या एकाच बाजूला येतात, दोघांची ओढ जुळते आणि पौर्णिमेसारखंच उधाण येतं. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात, म्हणून तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, लहानशी भरती. आमच्या कोळीवाड्यात भरतीची वेळ काढायचा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती, आणि पहाटेही तशीच. किती सुरेख गणित आहे! मात्र हा अंदाज झाला. सर्वात मोठं उधाण बहुधा अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, त्यामुळे पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला जाताना महापालिकेनं दिलेल्या भरतीच्या वेळा बघूनच निघा.