ट्रक घरचा, कांदा घरचा. परमिट तरीही लागणारच

निफाडकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं आहे : ‘घरचा कांदा लासलगावला न्यायला मागच्या हंगामात जुना सहाचाकी ट्रक घेतला. एक रुपया भाडं घेत नाही. तरी आरटीओच्या पथकाने अडवून चलन फाडलं. खाजगी वापराची नोंद करून पांढरी पाटी लावता येईल का?’ वीटभट्टीवाले, मंडपवाले, द्राक्ष बागायतदार, सगळे हेच विचारतात.

नाही लावता येणार. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2(14) मधली मालवाहू गाडीची व्याख्या वाचा. तीत भाड्याचा उल्लेखच नाही. केवळ माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी ती मालवाहू, मग माल कुणाचाही असो. ती रस्त्यावर आणायची तर कलम 66 प्रमाणे परमिट हवं, गाडी रिकामी असली तरी. सूट आहे ती मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालगाड्यांना. तुमच्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, 16,200 किलो आहे. स्वतःच्या मालासाठी वेगळं परमिट मिळतं, असं तुम्हाला गावात कुणी सांगितलं ते 1939 च्या कायद्यातलं. तो कायदा केव्हाच गेला.

पण तुमच्या पत्रातली मला अस्वस्थ करणारी ओळ वेगळीच आहे. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, आणि मालकी बदलायचे, त्याच्या सह्यांचे 29 व 30 नंबरचे फॉर्म केबिनच्या कप्प्यात, तारखेची जागा कोरी! अहो, कलम 50 ने खरेदीदाराला 30 दिवस दिलेत. तुम्ही अख्खा हंगाम घालवलात. कलम 82 मुळे परमिटही परिवहन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तुमच्या नावावर येत नाही. विनापरमिट गाडीने अपघात झाला, तर विमा कंपनी जखमींना भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. अमृत पाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हेच मान्य केलं.

जुना मालक आता फोन उचलत नाही म्हणता. त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2018 मधल्या ‘नवीन कुमार’ खटल्याच्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईला तोच जबाबदार, गाडी विकली असली तरी. एवढं त्याला लेखी कळलं की तो सहीला येईल, असा माझा अनुभव आहे. परमिट हस्तांतरित करून घ्यावं की नवं काढावं, हे जुन्या परमिटच्या मुदतीवर अवलंबून आहे. ते कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. फिटनेस प्रमाणपत्राची (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची) तारीख मात्र आजच बघा. ती उलटली असेल, तर कलम 56 प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही.

चलनावर कलम 192अ, म्हणजे विनापरमिट गाडी चालवल्याचं कलम, असेल तर दंड 10,000 रुपये आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. दंड भरून कोर्टाबाहेर प्रकरण मिटवण्याची तडजोड होते का ते आरटीओत विचारा आणि होत असेल तर भरून टाका. कोर्टात भांडून तारखांवर तारखा पडतील, आणि 2(14) पुढे तुमचा ‘भाडं घेत नाही’ हा बचाव टिकणारही नाही. नाव लागेपर्यंत ट्रक खळ्यातच उभा ठेवा, आणि या खेपेचा कांदा भाड्याच्या गाडीने लासलगावला पाठवा.