जानेवारीतल्या मंगळवारी काय करशील?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या बास्केटबॉल संघाला शब्द दिलाय, नोव्हेंबरात सही आहे, जूनमध्ये कॅम्पसवर हजर व्हायचंय. मग सीनियर इयरचा (बारावीचा) शाळेचा बास्केटबॉल हंगाम सोडून तेवढ्या वेळात ट्रेनिंगच करू का, असं तू विचारलंस. इंग्रजी शब्द तू वापरतेस तसेच ठेवलेत. मराठीत कुठे अडलीस तर आईला विचार.

आधी कॅलेंडर काढ. क्लबचा शेवटचा उन्हाळा जुलैअखेर संपला. तेव्हापासून नोव्हेंबरच्या ट्रायआउटपर्यंतचे (शाळेच्या संघनिवडीपर्यंतचे) तीन महिने तुझेच आहेत. शाळेचा हंगाम मार्चच्या सुमारास संपेल, तिथून जूनपर्यंतचे बारा आठवडेही तुझेच. म्हणजे हंगाम सोडून नव्याने हाती लागतात ते मधले पंधरा-सोळा आठवडे. त्यातही शाळा, परीक्षा, नाताळ आणि बर्फामुळे बंद जिम आहेच. ‘अख्खं वर्ष मिळेल’ असं ट्रेनर म्हणाला असेल, तर त्याचा हिशेब कच्चा आहे.

म्हणून तुला एकच गोष्ट लिहून काढायला सांगते. जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता तू कुठे असशील, तुझ्यासमोर कोण उभं असेल आणि तुझी चूक झाली की ती तुला दाखवणार कोण? शाळेच्या संघात असशील तर याचं उत्तर आयतं मिळतं: समोर पाच जणी, शिट्टी वाजवणारे रेफरी, बाजूला ओरडणारे कोच. हंगाम सोडलास तर ते उत्तर तुलाच उभं करावं लागेल. ‘ट्रेनरबरोबर वर्कआउट’ एवढंच लिहिता आलं, तर हंगाम खेळ.

कारण उघड आहे. प्लास्टिकचे कोन हात वर करत नाहीत. एकट्याच्या वर्कआउटमध्ये हँडल (बॉलवरचा ताबा) सुधारतो, शॉट सुधारतो, कंडिशनिंगही होतं. पण हेल्प डिफेन्सला (साथीदारणीच्या मदतीला) वेळेत सरकणं, स्क्रीन (वाट अडवून उभी राहणारी प्रतिस्पर्धी) आली की मागच्या मुलीला ओरडून सांगणं, दोघी अंगावर आल्यावर बॉल नेमका कधी सोडायचा हे ओळखणं, या गोष्टी माणसं समोर असल्याशिवाय येत नाहीत. आणि पहिल्या वर्षाच्या मुली बेंचवर बसतात त्या बहुधा शॉटमुळे नाही, डिफेन्समुळे. मदतीला सरकायला एक पाऊल उशीर झाला की कोच बदली खेळाडूकडे बघतात.

तरीही हंगाम सोडण्याची रास्त कारणं असतात. एसीएलची (गुडघ्यातल्या मुख्य अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया होऊन नऊ महिने झाले नसतील तर चर्चाच नको, त्याआधी कोर्टवर उतरणं म्हणजे तोच गुडघा पुन्हा पणाला लावणं. जानेवारीतच कॉलेजला दाखल व्हायचं असेल, तर अर्धा हंगाम आपोआप जातो. तिसरं कारण तुझ्याबाबतीत खरं असू शकतं: तुमची लीग इतकी कमजोर की हाफटाइमलाच तीस गुणांची आघाडी, उरलेला वेळ तू बेंचवर, किंवा उंचीमुळे शाळेत तुला बास्केटखाली उभं करतात आणि कॉलेजला मात्र तू विंगवर (बास्केटपासून दूर, कडेला) हवी आहेस. अशा वेळी चार महिने चुकीच्या जागी खेळण्यात नुकसान आहे. पण हे तू किंवा बाबांनी ठरवायचं नाही. कॉलेजच्या कोचना विचार: ‘पहिल्या वर्षी रोटेशनमध्ये (सामन्यात आलटूनपालटून उतरणाऱ्यांत) यायचं तर माझ्या कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात, आणि शाळेच्या हंगामात त्या होतील का?’ उत्तर ‘ताकद आणि शॉट’ असं आलं, तर ते हंगाम खेळतानाही जमतं. ‘बॉल हातात घेऊन निर्णय’ असं आलं, तर तुला जास्त सामने हवेत, कमी नाहीत.

‘सामने नकोत, गुडघा वाचेल’ हा युक्तिवाद तुझ्या मेसेजमध्ये दोनदा आला. भीती खरी आहे, मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पण कॉलेज बास्केटबॉलमधल्या स्टार पेज ब्यूकर्सचा एसीएल ऑगस्ट २०२२ मध्ये पिक-अप (जमेल त्यांच्याबरोबरचा अनौपचारिक डाव) खेळताना गेला, आणि तिच्याच संघातल्या अझी फडचा नोव्हेंबर २०२३ मध्ये सरावात. अधिकृत सामना दोन्हीही नव्हता. गुडघा वाचतो तो ताकदीने आणि नीट उतरण्याने. तेव्हा हे आजच करून बघ: फूटभर उंच खोक्यावर उभी राहा, फोन समोर गुडघ्याच्या उंचीवर ठेव, खाली उतर आणि स्लो मोशनमध्ये बघ. उतरताना गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का? ते पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवेत. मग एका पायावर लांब उडी, प्रत्येक पायाच्या तीन. दोन पायांत दहा टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर ट्रेनरकडे जाण्याआधी फिजिओकडे जा.

आता समजा, सोडायचंच ठरलं. तर आठवडा असा आख. सोमवारी आणि गुरुवारी वेट रूम आणि शूटिंग मिळून अडीच-अडीच तास. मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास लाइव्ह खेळ. शनिवारी वेट रूम आणि धावणं, अडीच तास. बुधवार-रविवार सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी, ‘हलकंसं शूटिंग’ नाही. बेरीज साडेअकरा तास होते. कमी वाटेल. अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरांच्या राष्ट्रीय संघटनेचा सल्ला आहे की आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत आणि दोन दिवस विश्रांती असावी. तू सतरा वर्षांची आहेस, पण सतरा ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नव्हे.

वेट रूममध्ये ट्रॅप बार डेडलिफ्टचे ५ उचलींचे ४ सेट, मागचा पाय बेंचवर ठेवून स्प्लिट स्क्वॉट प्रत्येक पायाचे ६ चे ३, नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचे ४ चे ३ (खाली जाताना चार-पाच सेकंद, धपकन पडायचं नाही), गुडघा वाकवून काफ रेझ १२ चे ३, पुल-अप जमतील तेवढे. दर चौथ्या आठवड्याला सेट निम्मे. वजन वाढवायचं ते शेवटची उचल पहिल्यासारखीच दिसत असेल तरच. कॉलेजात तुझ्यासमोर ट्रान्सफर होऊन आलेली बावीस वर्षांची मुलगी असेल, पोस्टमध्ये (बास्केटजवळ) ती तुला अंगाने ढकलेल. सोळा आठवड्यांत खरा फरक पडण्यासारखी जागा असेल तर ती ही.

मंगळवार-शुक्रवारचा लाइव्ह खेळ हे सगळ्यात अवघड काम. पाच-सहा जण लागतात: कॉलेजात खेळून आलेल्या स्थानिक मुली, शाळेच्या मुलांच्या संघातली दोन-तीन पोरं. महिला संघ सरावाला मुलगे आणतातच, तेव्हा लाजायचं कारण नाही. मोकाट पिक-अप मात्र नको. तिथे डिफेन्स कोणी करत नाही आणि दमलेले लोक वेडेवाकडे उतरतात. तीन विरुद्ध तीन, हाफ कोर्ट, बारा सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्यात शॉट मारायचाच), दर डावाला एकच नियम: आज प्रत्येक पझेशन (बॉल हाती आला की) पिक-अँड-रोलनेच, म्हणजे स्क्रीन लावून बास्केटकडे वळूनच सुरू, आज तुला डाव्या हातानेच फिनिश. एक मोठं माणूस शिट्टी घेऊन आणि ट्रायपॉडवर फोन. रात्री वीस मिनिटं ते फुटेज बघ, पण फक्त बॉल तुझ्याकडे नसतानाचं. ही सहा माणसं डिसेंबरअखेरपर्यंत टिकतील याची खात्री नसेल, तर आताच सांगते, टिकत नाहीत. पहिल्या बर्फात दोघं गळतात. आठ-नऊ जणांचे नंबर जवळ ठेव.

शूटिंगबद्दल जरा सविस्तर. शाळेची थ्री-पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून घातलं की तीन गुण) १९ फूट ९ इंचांवर आहे. कॉलेजच्या मुलींची २०२१-२२ पासून २२ फूट १ पूर्णांक तीन-चतुर्थांश इंचांवर. जवळजवळ अडीच फूट मागे. टेप माप रिंगच्या मध्याखालच्या बिंदूपासून धर, बोर्डापासून नाही, आणि रंगीत पट्टी चिकटव (कोपऱ्यात लाइन थोडी आत येते). मग पहिल्याच दिवशी काय बिघडतं ते बघ: ताकद कमी पडते म्हणून बॉल कमरेपर्यंत खाली येतो, कोपर बाहेर जातं, अंग पुढे झेपावतं आणि शॉट सपाट होतो. बॉल खाली आला की रिलीजला जास्त वेळ लागतो आणि कॉलेजची डिफेंडर तेवढ्यात पोचते. म्हणून पहिले तीन आठवडे मागच्या लाइनवर घाई नको. दोन लाइनींच्या मध्ये उभी राहा, दर आठवड्याला पाऊल मागे घे, आणि शॉट मोडला की परत पुढे ये.

आणि आकडा लिहायचा तो घातलेल्या बास्केटचा, मारलेल्या शॉट्सचा नाही. एका सेशनला दोनशे. त्यातले साठ फ्री थ्रो, तेही कोर्टच्या दोन फेऱ्या पळून झाल्यावर दोन-दोन. उरलेल्यांपैकी निम्मे धावत येऊन पकडून. शूटिंगच्या उड्या कोणी मोजत नाही, पण दोनशे घालायला तीन-साडेतीनशे उड्या जातात. अशा सेशनची चटक लागली की गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. सकाळी जिना उतरताना ते कळतं. दहात तीनपेक्षा जास्त दुखलं, किंवा कालपेक्षा आज जास्त असेल, तर त्या आठवड्यात उड्या निम्म्या कर, वेट रूम चालू ठेव. पूर्ण बंद केलंस की वाटीखालचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणखी कमजोर होतो.

वेग आणि दम वेगळा लागेल. शाळेत ८ मिनिटांचे चार क्वार्टर, कॉलेजात १० चे. ३० सेकंदांचं शॉट क्लॉक, जे तुमच्या राज्यात असेलच असं नाही. लांब संथ जॉगिंगने हे येत नाही. कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळणं, थांबणं, स्लाइड, पुन्हा पळणं, अशी तीस सेकंद काम आणि तीस सेकंद विश्रांती, आठ वेळा, पुरे.

आता खाणं. घरी शाकाहारी जेवण आहे हे मला माहीत आहे आणि ते चालतं, फक्त मोजावं लागतं. सत्तर किलो वजनाला साधारण ११० ग्रॅम प्रथिनं दिवसाला हवीत. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम असतात, तेव्हा वरण-भातावर भागणार नाही. शंभर ग्रॅम पनीर अठरा, एक डबा ग्रीक योगर्ट सोळा-सतरा, शिवाय टोफू, उसळ, दूध. व्हे पावडर घेतलीस तर डब्यावर ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ बघूनच. एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) डोपिंग टेस्टमध्ये ‘पावडरीत काय होतं मला माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घे आणि रिपोर्ट येईपर्यंत लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘ट्रेनिंगमुळे होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. बहुधा शरीराला खाणं कमी पडतंय आणि पुढचा बळी नडगीचं किंवा पावलाचं हाड आहे.

कागदांचं थोडक्यात. एनसीएए डिव्हिजन वनला (सगळ्यात वरच्या गटाला) शाळेतले १६ कोर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यात २.३ जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो. त्यातले दहा सीनियर इयर सुरू होण्याआधीच झालेले असावे लागतात. हंगाम सोडणाऱ्या मुली इथे एक चूक हमखास करतात: सकाळ मोकळी मिळावी म्हणून ऑनलाइन शाळेत जातात. सगळे ऑनलाइन कोर्स एनसीएए धरत नाही, तेव्हा बदलण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का बघणाऱ्या) लेखी विचार. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं. आता सही होते ती थेट स्कॉलरशिपच्या करारावर, आणि पुष्कळ कॉलेजांना आता संघात पंधराच जागा ठेवता येतात. त्यामुळे शाळेच्या हंगामाबद्दल त्यात काही ओळ आहे का, हे सहीआधी बघ. कोणी कॉलेजचा चाहता ट्रेनरचे पैसे भरतो म्हणाला, तर आधी कंप्लायन्सला फोन, नंतर आभार.

मधला मार्गही आहे, आणि माझा कल तिकडेच आहे. हंगाम खेळ, पण कोचशी आधीच ठरव: सुट्ट्यांमधल्या, तीन दिवसांत तीन सामन्यांच्या टूर्नामेंटपैकी एक सोडायची; मोठी आघाडी झाली की चौथ्या क्वार्टरला बाहेर; आठवड्यात दोन वेट रूम सेशन, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. आणि निदान काही सामन्यांत तुला बॉल घेऊन कोर्टवर पुढे यायला द्यायचं. बहुतेक कोच एवढं मान्य करतात, फक्त मागावं लागतं.

जे ठरेल ते ट्रायआउटच्या निदान दोन आठवडे आधी सांग. टेक्स्टवर नाही, भेटून. तुझ्या जागेवर खेळवायला त्यांना दहावीतली कोणीतरी तयार करायची असते, तिलाही वेळ हवा. ‘मला वेगळं ट्रेनिंग करायचं आहे, कारण हे आणि हे’ असं तीन वाक्यांत सांग, लीगला नावं ठेवू नकोस. नंतर जिमची चावी मागायला तू त्यांच्याकडेच जाणार आहेस. आणि हंगामाच्या मध्यात सोडणं हा पर्याय धरूच नकोस.

भेटायला जाशील तेव्हा बाबांना गाडीतच बसू दे.

तुझी,
मावशी