पुण्याहून अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात ग्रँट्सची नोकरी

पुण्यातल्या ट्रस्टच्या महाविद्यालयात पाच वर्षं सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी) आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतीय कायदा) यांचे हिशेब सांभाळलेत, त्यावर इकडच्या कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारं कॉलेज) ग्रँट्स म्हणजे अनुदानांच्या ऑफिसात काम मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. मिळू शकतं, पण प्रस्ताव लिहिण्याच्या जोरावर नाही. अनुदान हातात आल्यानंतरचा हिशेब, ज्याला इकडे पोस्ट-अवॉर्ड म्हणतात, तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

सीव्हीत नुसतं 'सीएसआर समन्वयक' लिहू नका, इकडे त्यातून काहीच कळत नाही. परदेशी निधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातून पुण्यात कसा आणला, त्याची खतावणी वेगळी कशी ठेवली, एफसी-४ हा परदेशी निधीचा वार्षिक अहवाल वेळेत कसा भरला, किती उपयोगिता प्रमाणपत्रं (निधी ठरल्या कामावरच खर्चल्याचे दाखले) सीएकडून करून घेतली, हे आकड्यांसकट लिहा.

अभ्यास एकाच नियमावलीचा करा: २ सीएफआर भाग २००, म्हणजेच युनिफॉर्म गायडन्स, अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानांचे नियम. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेली आवृत्तीच वाचा. जुन्या नोट्समध्ये अप्रत्यक्ष खर्चाचा (ऑफिस, वीज, प्रशासन असा सामाईक खर्च) 'डी मिनिमिस' दर, म्हणजे सरकारशी वेगळा दर ठरवलेला नसेल तेव्हा वापरायचा दर, १० टक्के दिसेल, आता तो १५ टक्क्यांपर्यंत आहे. एफसीआरएची सवय असलेले हमखास इथे अडखळतात. तिथले २० टक्के ही प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा. इथले १५ टक्के हा आकारणीचा दर, आणि तो सगळ्या रकमेवर लागत नाही. समजा थेट खर्च २,००,००० डॉलर. त्यात ३०,००० चं एक मशीन आणि सहयोगी कॉलेजला द्यायचे ८०,०००. मशीन पूर्ण वगळायचं, कारण ते १०,००० च्या वर आहे. सहयोगी कॉलेजचे पहिले ५०,०००च धरायचे. उरले १,४०,०००, त्यांचे १५ टक्के २१,०००. सरळ २,००,००० चे १५ टक्के म्हणून ३०,००० मांडले की बजेट चुकलं. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या प्रशिक्षण अनुदानांवर तर ८ टक्केच मिळतात.

सगळ्यात जास्त घोळ पगारात होतो. प्राध्यापकाचा ४० टक्के वेळ ग्रँटवर दाखवलेला असतो, सत्राच्या मध्यात त्याला जादा वर्ग मिळतो आणि पगारपत्रकातली विभागणी मात्र तशीच राहते. पगार प्रत्यक्ष कामाच्या नोंदीवर आकारायचा असतो, बजेटातल्या अंदाजावर नाही. ऑडिटर हे पकडतो आणि कॉलेजला स्वतःच्या खिशातून पैसे परत करावे लागतात. वेळापत्रक बदललं की त्याच आठवड्यात पगार विभागाला कळवायचं. मुलाखतीत हे उदाहरण नीट समजावून सांगितलंत तर समोरचे लगेच कान टवकारतात.

आता व्हिसा. सरकारी कम्युनिटी कॉलेजला एच-वन-बीची (पदवीधर तज्ज्ञांसाठीचा नोकरीचा व्हिसा) लॉटरी लागू नाही, अर्ज वर्षभरात कधीही करता येतो. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेर असलेल्यांच्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा भार आला. लॉटरीतली सूट त्यातून सोडवत नाही, आणि एवढे पैसे भरणारं कॉलेज सापडणं कठीण. अर्ज करायच्या वेळी तो हुकूम लागू आहे का, हे वकिलाकडून आधी विचारून घ्या. जाहिरातही बारकाईने वाचा. 'कुठलीही पदवी चालेल' असं असेल तर एच-वन-बी टिकणं अवघड. 'अकाउंटिंगची पदवी हवी' अशी ग्रँट्स अकाउंटंटची जागा बरी. तीन वर्षांचं बीकॉम एकटं बरेचदा इकडच्या पदवीइतकं धरत नाहीत, म्हणून एमकॉमसकट पदव्यांचं मूल्यांकन करून घ्या.