रूममेट्सशी बिनसलंय, करार संपायला पाच महिने आहेत. मधेच निघाले तर डिपॉझिट बुडेल का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला विजय नगरमध्ये तिघी मिळून फ्लॅट घेतलाय, आता एकमेकींशी बोलणंही बंद आहे, निघते म्हटलं तर दोघी म्हणतात करार संपेपर्यंतचं भाडं भर, आणि वर तुम्हाला ‘हिशेबी’ म्हणतात. एरवी मी असले प्रश्न वाचून पुढे जाते. त्या शेवटच्या शब्दामुळे लिहायला बसले.

डिपॉझिट आपोआप बुडत नाही. पण ते मागायचं कुणाकडे, घरमालकाकडे की रूममेट्सकडे, हे निघायच्या आधी ठरलं पाहिजे. माझं तेच ठरलं नव्हतं.

मी मूळची ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. नोकरीसाठी इंदूरला आले आणि कॉलेजच्या मैत्रिणीबरोबर सुदामा नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचं घर घेतलं. तिसरी मुलगी देवासची. भाडं बारा हजार, प्रत्येकीचे चार हजार, डिपॉझिटही तेवढंच. खाली घरमालकीण काकू राहायच्या, मराठीच. जानेवारीपासून अकरा महिन्यांचा करार, तिघींच्या सह्या.

एप्रिलपर्यंत सगळं छान चाललं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, तेही पहाटे, आणि मोटर लावायला मीच उठायचे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, अजूनही नाही. माझी झोप तशीही लवकर उघडते.

एप्रिलच्या मध्यात मैत्रिणीने तिच्या खोलीत सेकंडहँड एसी बसवला. तिचं घरूनच काम असायचं, त्यामुळे दुपारी बारा ते पाच आणि रात्रभर तो चालू. आता इथल्या लोकांना सांगायला नको, पण तुम्ही बाहेरून आला असाल तर लक्षात घ्या: मध्य प्रदेशात महिन्याला 150 युनिटांच्या आत राहिलात तर पहिल्या 100 युनिटांचे शंभरच रुपये लागतात. 150 ओलांडले की ती सवलत सगळीच जाते. आमचं बिल तोवर 140 च्या आसपास युनिटांचं, चारशेच्या आतबाहेर असायचं. मे महिन्यात 312 युनिट पडले आणि बिल अडीच हजारांवर गेलं. म्हणजे एकवीसशे रुपये जास्तीचे. ती म्हणाली, तीन भाग करू, सातशे-सातशे.

मी म्हटलं, एसी तुझ्या खोलीत, दार तुझं बंद, मी पंख्याखाली झोपते. जुनं बिल तिघींत वाटू आणि वरचं तू भर.

त्यावर ती जे बोलली ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “घरात राहायचं तर घरासारखं राहावं. मी तुला दोनदा ऑफिसात डबा आणून दिला, तो मोजलास का? तू फार हिशेबी आहेस.” देवासची मुलगी ओट्याशी उभी राहून कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

त्या रात्रीपासून मी जिन्याखालच्या मीटरचं रीडिंग घ्यायला लागले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये आकडा बघायचा आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचा, दुधाच्या खाड्याशेजारी. दोन आठवड्यांत कुणालाही दिसलं असतं की शनिवारी-रविवारी ती खंडव्याला घरी गेली की दिवसाला चार-पाच युनिट आणि ती असली की दहा-अकरा. मी कॅलेंडर काढून तिच्यासमोर धरलं. तिने ते बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी ते पान भिंतीकडे तोंड करून उलटं टांगलेलं होतं. भांडण आम्ही केलं असतं आणि मिटलंही असतं, पण ते उलटं पान बघून मी ठरवलं की इथे राहायचं नाही.

31 मे रोजी तिघींच्या ग्रुपवर आणि काकूंना वेगळं, असं लिहून कळवलं की 30 जूनला मी घर सोडतेय. करारात महिन्याची नोटीस होती, लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ घर सोडायचं नाही अशी अट, नव्हतं. काकू म्हणाल्या, “अगं, एक सब-मीटर लावून घेतला असतात तिच्या खोलीला, वायरमन अर्ध्या तासात लावून गेला असता.” हे त्यांनी मेच्या सुरुवातीला सुचवलं असतं किंवा मला सुचलं असतं, तर मी आज हे लिहीत नसते. तुमच्याकडेही विजेचंच भांडण असेल तर निघण्याआधी हे एकदा करून बघा.

मैत्रिणीचं म्हणणं तुमच्या रूममेट्ससारखंच होतं: नोव्हेंबरपर्यंतचे पाच महिने, वीस हजार, तू दे. आता कायद्याचं ऐका, कारण इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकीचं सांगतात. तिघींनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 43 नुसार घरमालक पूर्ण भाडं तिघींपैकी कुणा एकीकडेही मागू शकतो, आणि जिने भरलं ती उरलेल्या दोघींकडून त्यांचा वाटा वसूल करू शकते. कलम 44 त्याहून महत्त्वाचं: घरमालकाने तुम्हाला एकटीला मोकळं केलं तरी बाकीच्या दोघींपुढची तुमची जबाबदारी आपोआप संपत नाही. म्हणून काकू “जा हो” म्हणाल्या एवढ्यावर मी समाधान मानलं, ती माझी चूक. तिघी आणि घरमालक यांच्यात एक कागद हवा: अमुक तारखेपासून हिचा संबंध संपला, डिपॉझिटचा वाटा अमुक, तो अमुक व्यक्ती देणार. लेखी करारच नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 106 आहे, महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची लेखी नोटीस पुरते.

माझ्या जागी नवी मुलगी 3 जुलैलाच आली, धारची. मीच शोधून दिली होती, भंवरकुआंच्या एका क्लासच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून. म्हणजे त्या दोघींना भाड्याची झळ जवळजवळ लागलीच नाही. तिने डिपॉझिटचे चार हजार मैत्रिणीकडे दिले आणि मैत्रिणीने मला 2600 पाठवले. खाली लिहिलं होतं, “दोन महिन्यांचं लाइट वजा.”

सातशे गुणिले दोन. चौदाशे.

ग्वाल्हेरला आई अजून म्हणते, चौदाशे रुपयांसाठी इतक्या वर्षांची मैत्री घालवलीस. कॉलेजच्या ग्रुपमध्ये तर ही गोष्ट तशीच प्रसिद्ध आहे. तर मला इथे स्पष्ट सांगायचंय: मैत्री चौदाशेंनी गेली नाही. मी आकडे समोर ठेवले आणि तिने ते वाचायचंच नाकारलं, तिथे ती गेली. तिने कॅलेंडर बघून म्हटलं असतं की “हो, माझं जास्त आहे, पण या महिन्यात हात तंग आहे, सांभाळून घे,” तर मी सातशे दिले असते आणि पहाटे मोटर लावायलाही उठले असते. जो हिशेब लिहून ठेवतो तो हिशेबी आणि जो दुसऱ्याच्या डिपॉझिटमधून न विचारता कापून घेतो तो मोठ्या मनाचा, हे मला आजही मान्य नाही.

तुम्हीही त्या शब्दाला घाबरू नका. करार संपेपर्यंतचं भाडं मागतायत ना, त्यांना लेखी विचारा की कोणत्या कलमाने, नव्या मुलीचं भाडं सुरू झाल्यावरही का.

काही गोष्टी राहिल्या. मी वकील नाही. करारात लॉक-इन असेल तर वर लिहिलेलं बरंच बदलतं, तो आधी वाचा. पीजी असेल तर त्याचे नियम वेगळे. कुणी त्रास देत असेल, खोलीत शिरत असेल, तर नोटीस वगैरे नंतर, आधी बाहेर पडा. आणि माझ्या मैत्रिणीला उन्हाळ्यात डोकेदुखीचे झटके यायचे, तेही इथे लिहायला हवं. एसी तिने चैनीसाठी लावला नव्हता. त्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, तिनेही ते कधी कारण म्हणून सांगितलं नाही.

इंदूरमध्ये भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिलेली असते, तुमचं नाव तिथे राहू देऊ नका. घर सोडल्याचं घरमालकाला कळवायला सांगा. मीटरचा फोटो निघायच्या दिवशी, तारीख दिसेल असा. आणि सामान हलवायचं ते दिवसाढवळ्या, दोघी घरात असताना. मी रविवारी सकाळी लोडिंग रिक्षा बोलावली. काकूंनी हातावर दही ठेवलं. वर मैत्रिणीच्या खोलीचं दार बंद होतं, आतून एसीचा आवाज येत होता. मी दारावर टकटक केली, दोनदा. मग किल्ली काकूंच्या हातात दिली आणि त्यांच्याकडून कागदावर सही घेतली.